पाणी मागणारा वाटसरू

वचनाधार : योहान ४:३-४३, लूक १०:१-९



योहानाच्या शुभवर्तमानाच्या चवथ्या अध्यायात प्रभू येशूची व शोमरोनी स्त्रीची भेट सांगितली आहे. ही कथा आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे, आणि ती वाचू लागताच आपले मन जिवंत पाण्याच्या उपदेशाकडे धाव घेते. तो उपदेश थोर आहे यात संशय नाही. परंतु आज त्या उपदेशाच्या अलीकडे जी तीनचार वचने आहेत त्यांपाशी आपण थोडे थांबू या. प्रभू यहूदीया सोडून गालीलाकडे निघाला. त्यास शोमरोनातून जाणे भाग पडले. चालून चालून तो थकला व विहिरीपाशी बसला. दुपारची वेळ होती. आणि पाणी भरावयास आलेल्या एका परक्या बाईजवळ त्याने पिण्यास पाणी मागितले.

ह्या थोड्या शब्दांत तीन गोष्टी आहेत. एक, प्रभूने धरलेली वाट. दुसरी, त्यास आलेला थकवा. आणि तिसरी, त्याने केलेली मागणी. ह्या तिन्ही गोष्टी पायी चालणाऱ्या माणसाच्या आहेत. जो रथात बसून गेला असता तो थकला नसता, जो थकला नसता तो विहिरीवर बसला नसता, आणि जो बसला नसता त्याने पाणीही मागितले नसते. मग त्या गावचे तारण कोणत्या दाराने आत आले असते, ह्याचा आपण विचार करावा.

प्रथम वाटेचा विचार करू. यरुशलेमेहून गालीलास जाणारी सरळ वाट डोंगराच्या कण्यावरून शोमरोनी लोकांच्या गावांमधून जात असे. योसेफस नामक यहूदी इतिहासकार लिहितो की, त्या वाटेने तीन दिवसांत मजल पुरी होई. तरी शोमरोनी लोकांचा विटाळ नको म्हणून कित्येक यहूदी यार्देनेच्या पलीकडून लांबचा वळसा घेत. दोन्ही लोक एकाच देवास भजणारे व एकाच पूर्वजाच्या विहिरीचे पाणी पिणारे. परंतु एकाचे भांडे दुसऱ्यास चालत नव्हते. आपणां महाराष्ट्रीयांस ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. पाण्याचा विटाळ म्हणजे काय हे आपल्या वडिलांनी व आज्यांनी सोसलेले आहे.

आता आपल्याच मुलखाकडे पाहा. आपण माहीम, केळवे, पालघर, बोईसर, तारापूर येथील लोक समुद्राकाठी राहतो. आपल्या येथील मोठ्या वाटा सर्व दक्षिणोत्तर आहेत. मुंबईहून गुजराथेकडे जाणारा लोहमार्ग १८६० नंतरच्या दशकात झाला, तो दक्षिणोत्तर. अहमदाबादेचा महामार्ग दक्षिणोत्तर. हल्ली जो अतिजलद लोहमार्ग बांधला जात आहे तोही दक्षिणोत्तरच. नोकरी मुंबईस, व्यापार वापीस, सोयरीक वसईस किंवा डहाणूस. पूर्वेकडे क्षितिजावर निळा डोंगर दिसतो. परंतु त्या दिशेस आपणांपैकी फार थोडे जातात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वसई, पालघर व डहाणू हे किनाऱ्याचे तालुके आणि तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा व वाडा हे आतले तालुके एका जिल्ह्यात आले. कागदावर आपण शेजारी झालो. पायांनी अजून झालो नाही.

समजा, दोघे जण माहीमहून पूर्वेकडे पायी निघाले आहेत. पानवेलींच्या व नारळीच्या वाड्या मागे टाकून दोन तासांत ते पालघरास पोहोचतात. पुढे मनोरच्या रस्त्यावर वाघोबाची खिंड लागते. वर काळदुर्गाचा कातळ उभा असतो. खिंडीत वाघोबाचे ठाणे आहे. ज्या रानात वाघाचे भय होते तेथे वारली लोकांनी त्यास देव मानून त्याच्याशी सलोखा केला. खिंड उतरल्यावर मनोर, आणि सूर्या व वैतरणा ह्या दोन नद्यांचा मुलूख. तेथून विक्रमगडाकडे जाताना सपाटी संपत जाते. साग, ऐन, पळस व मोह ही झाडे दिसू लागतात. मग चढण लागते आणि समुद्रापासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर जव्हार येते. येथे मुकणे घराण्यातील कोळी राजांचे संस्थान १९४८ पर्यंत होते. जव्हारपुढे मोखाडा, मोखाड्यापुढे डोंगर अधिक उंच व गावे अधिक विरळ होत जातात, आणि शेवटी ब्रह्मगिरीचा माथा दिसू लागतो. त्याच्या पूर्वेच्या अंगास गोदावरी वाहू लागते व पश्चिमेच्या अंगास वैतरणा. तीच वैतरणा पुन्हा सगळा डोंगर उतरून दातिवऱ्यापाशी आपल्याच समुद्रास मिळते.

ही सगळी वाट मोटारीने एका सकाळी पुरी होते. पायी चालणाऱ्यास सहासात दिवस लागतात. दिवसा फार तर वीस किलोमीटर चालावे, ऊन चढले म्हणजे झाडाखाली बसावे, आणि सायंकाळी जो पाडा जवळ असेल तेथे मुक्काम करावा. मोटारीतून जाणाऱ्यास ह्या वाटेवर पाचसहा बाजारगावांची नावे कळतात. चालणाऱ्यास पाडे कळतात. कारण ह्या मुलखात गाव म्हणजे एका जागी असलेली वस्ती नसते. एक पाडा टेकडीवर, दुसरा ओढ्यापलीकडे, तिसरा रानाच्या कडेस, अशी दहावीस घरांची वस्ती दूरवर विखुरलेली असते. रस्ता त्यांपैकी एखाद्यासच शिवतो. बाकीच्यांकडे जी जाते ती पाऊलवाट.

त्या पाऊलवाटेवर काय दिसते? दिवाळीनंतर गेल्यास पुष्कळ घरांची दारे बंद दिसतात. भात व नागली घरात आली, ती काही महिने पुरण्याजोगीही नव्हती, म्हणून कर्ते पुरुष व बाया लेकरांसह भिवंडी, वसई इकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर गेलेल्या असतात. मागे म्हातारी माणसे व काही मुले राहतात. होळीनंतर गेल्यास ओढे आटलेले दिसतात. ह्या डोंगरावर वर्षास दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु काळा कातळ ते पाणी धरून ठेवत नाही, आणि फाल्गुन-चैत्रात बाया डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या विहिरीवर किंवा झऱ्यावर जातात. त्याच डोंगरातील वैतरणेचे पाणी मोठमोठ्या धरणांनी अडवून मुंबईस नेले आहे. मोडकसागर १९५० नंतरच्या दशकात झाले, ऊर्ध्व वैतरणा १९७० नंतरच्या दशकात, आणि मध्य वैतरणा २०१४ साली. सूर्येवरील धामणीच्या धरणाचे पाणी पालघर, बोईसर व वसई-विरार ह्या बाजूस येते. म्हणजे आपण घरी बसून नळ सोडतो तेव्हा डोंगराचेच पाणी पितो. आपण त्यांस ओळखत नसलो तरी त्यांचे ऋणी आहोतच.

आता दुसरी गोष्ट, थकवा. प्रभू थकला, हे शुभवर्तमानकाराने लपविले नाही. ज्याने पाच हजारांस भाकरी दिली तो भुकेला होता. शिष्य अन्न विकत घेण्यास गावात गेले होते व तो एकटा, कोरड्या घशाने, विहिरीच्या काठी बसला होता. विहीर खोल होती आणि पोहरा नव्हता. आपण धर्मकार्य करावयास निघतो तेव्हा आपली पहिली खटपट हीच असते की, अशी वेळ आपणांवर येऊ नये. पाण्याच्या बाटल्या, डबे, गाडी, परतण्याची वेळ, सर्व आधी ठरलेले असते. आपण जातो, गोड बोलतो, कपडे किंवा औषधे वाटतो, प्रार्थना करतो, आणि दिवेलागणीच्या आत घरी येतो. देणारा हात सदा वर व घेणारा हात सदा खाली राहतो. ह्यात दया आहे, मी नाही म्हणत नाही. परंतु शेजार नाही.

म्हणूनच प्रभूने सत्तर जणांस पाठविले तेव्हा त्यांची तयारी उलट्या रीतीने केली. लूकाच्या दहाव्या अध्यायात ती सांगितली आहे. त्यांनी पिशवी घेऊ नये, झोळी घेऊ नये, वहाणाही घेऊ नयेत. वाटेत कोणास मुजरा करीत बसू नये. त्या देशी वाटेवरील मुजरे लांबलचक असत, आणि शांतीचा शब्द घरासाठी राखून ठेवावयाचा होता. ज्या घराने आत घेतले त्याच घरी राहावे, घरोघर फिरत बसू नये. पुढे जे वाढतील ते खावे. आपणांस वाटते की ही साधेपणाची आज्ञा आहे. ती तशी आहेच. परंतु तिच्यात आणखी काही आहे. ज्याच्याजवळ झोळी नाही त्यास सायंकाळी कोणाचे तरी दार ठोठवावेच लागते. दोघे जण देवाचे राज्य घेऊन गावात शिरले, पण त्यांच्या रात्रीच्या भाकरीची चिंता त्या गावाने वाहावयाची होती. ते देणारे होते, आणि त्याच घटकेस घेणारेही होते. स्वतः प्रभूही असाच राहत होता. लूकाच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे की तो गावोगाव फिरत असता मरीया मग्दालीया, योहान्ना, सूसान्ना इत्यादी बाया आपल्या पैशाअडक्याने त्याची व शिष्यांची सेवा करीत.

घर बदलू नये ही आज्ञा किती मार्मिक आहे हे आपल्या खेड्यांत राहणाऱ्यास चटकन समजेल. पहिल्या संध्याकाळी एखादी गरीब बाई वाटसरूस आत घेते, आणि दुसऱ्या सकाळी गावातील पुढाऱ्याचा निरोप येतो की पाहुण्यांनी आमच्या माडीवर यावे. तेथे ताट मोठे असते. वाटसरू उठून गेला तर ज्या घराने त्यास प्रथम पाणी दिले त्या घराचा अपमान होतो, आणि सगळ्या पाड्यास कळते की ह्यांचा देवही माडीवरच राहतो.

तिसरी गोष्ट, मागणी. प्रभूने प्रथम उपदेश केला नाही, दान दिले नाही. त्याने पाणी मागितले. ती बाई चकित झाली. तिच्या हातचे पाणी कोणी यहूदी मागेल हे तिच्या मनातही नव्हते. ज्या क्षणी त्याने मागितले त्या क्षणी ती देणारी झाली, आणि जो विटाळ शेकडो वर्षे भिंतीसारखा उभा होता त्यास तेथे पहिले भगदाड पडले. पुढचे सगळे संभाषण त्या भगदाडातून झाले. आणखी पाहा, शेवटी गावकऱ्यांनी त्यास आग्रह केला की आमच्या येथे राहा, व तो तेथे दोन दिवस राहिला. शोमरोन्यांच्या घरी निजला, त्यांच्या ताटात जेवला. जो घाईने जाणार होता तो दोन दिवस थांबला, हे चालणाऱ्यासच शक्य असते.

तेव्हा मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर चैत्राच्या दुपारी वाटसरूने पाणी मागितले तर काय होते, हे मनात आणा. कुडाच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या आहेत. आतून एक आजी तांब्या घेऊन येते. ते पाणी तिच्या सुनेने पहाटे डोक्यावरून आणलेले आहे. वाटसरू तो तांब्या तोंडास लावतो तेव्हा त्यास पाण्याची किंमत कळते. ती कोणत्याही अहवालात वाचून कळणार नाही. मग आजी विचारते, कोठून आलात, कोणाचे कोण, मुलेबाळे किती. ती प्रश्न विचारणारी होते व तो उत्तर देणारा. तिने नागलीची भाकर व तिखट पुढे केले तर तो जेवतो. त्या जेवणात त्या घराचा मान आहे, आणि त्या बाईच्या हातचे जेवल्यावर तिच्या मुलाबाळांविषयी परकेपणाने बोलणे त्यास पुढे जमत नाही.

कोणी म्हणेल, गरिबाच्या घरचे खाऊन त्याजवर भार का घालावा? हा प्रश्न खरा आहे व त्यास टाळू नये. एलीया संदेष्टा सारफथच्या विधवेकडे गेला तेव्हा तिच्या मडक्यात मूठभर पीठ उरले होते. त्याने प्रथम पाणी मागितले, मग भाकरी मागितली. पहिल्या राजांच्या सतराव्या अध्यायातील ही कथा वाचताना आपणांस संदेष्ट्याचा राग येतो; इतक्या दरिद्री बाईजवळ मागावे तरी कसे? पण ती कथा हेही सांगते की, तो पुढे त्याच घरात राहिला, तिच्या दुष्काळाचा वाटेकरी झाला, आणि तिचा मुलगा मरणाच्या दारी गेला तेव्हा त्यास आपल्या बिछान्यावर घेऊन देवाशी झगडला. भार तो घालतो जो खातो व निघून जातो. जो घेतो आणि बांधला जातो, तो भार घालीत नाही. म्हणून वीसपंचवीस जणांची टोळी करून पाड्यावर जाऊ नये. प्रभूने दोघे दोघे पाठविले. थोडे खावे. पैसे पुढे करून त्या भाकरीस खाणावळीची भाकरी करू नये. जे ऋण झाले ते मनात बाळगून यावे, व त्याची फेड कशी करावयाची ते मी शेवटी सांगतो.

ह्या मार्गाने चाललेल्या माणसांची दोन उदाहरणे सांगतो. गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरला. त्याने व त्याच्या सोबत्यांनी मराठी शिकून शाळा घातल्या, छापखाना चालविला आणि नव्या कराराचे मराठी भाषांतर केले. ते १८२६ साली पुरे छापून झाले. त्याच वर्षी मार्चच्या आरंभी हॉल दोन ख्रिस्ती तरुणांस घेऊन मुंबईहून उपदेशाच्या फेरीवर नाशिक-त्र्यंबकाकडे गेला. नाशकास पटकीचा कहर चालू होता. तो माघारी फिरला नाही. जवळ होती ती औषधे रोग्यांस देत तो राहिला, आणि ती संपत आल्यावर मुंबईची वाट धरली. वाटेत रात्र झाली, तेव्हा एका खेड्यातील देवळाच्या पडवीत तो निजला. २० मार्चच्या पहाटे त्यास पटकीने गाठले व काही तासांतच तो देवाघरी गेला. तेव्हा त्याच्या वयास ४२ वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच्या सोबतीच्या दोघा तरुणांनीच त्यास मूठमाती दिली.

ह्या मरणाविषयी आपण पुष्कळदा त्यागाचे बोलतो. मला त्यातील पडवी लक्षात ठेवावीशी वाटते. जो मनुष्य त्या देवळातील देवास मानीत नव्हता, किंबहुना त्याविरुद्ध उपदेश करीत होता, त्यास शेवटच्या रात्री पाठ टेकावयास जागा मिळाली ती देवळाची. महाराष्ट्रात शुभवर्तमान आले ते असे पाहुणे होऊन आले. त्याने दिले ते आपण मोजतो. महाराष्ट्राने त्यास दिलेली ती पडवीही मोजली पाहिजे.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे, आणि ते आपणांस थोडे टोचेल. गोदावरीबाई परुळेकर पुण्यातील सुखवस्तू घरात वाढलेल्या, कायदा शिकलेल्या. १९४५ साली किसान सभेच्या कामासाठी त्या डहाणू-उंबरगावच्या रानात वारल्यांच्या पाड्यांवर पायी हिंडू लागल्या. झोपड्यांतून राहिल्या, मिळेल ते खाल्ले. असे राहिल्यावर लोक बोलू लागले, तेव्हा जमीनदारांची वेठबिगार काय आहे, लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रुपयांपायी नवराबायको जन्मभर गुलाम कसे होतात, ते त्यांस कळले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. गोदावरीबाईंनी पुढे १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात ही हकीगत लिहिली. त्या साम्यवादी होत्या; आपल्या प्रभूचे नाव त्या घेत नव्हत्या. परंतु ज्या झोपडीत जाण्यास प्रभूने आपणांस सांगितले होते त्या झोपडीत त्या गेल्या व राहिल्या. चांगल्या शोमरोन्याचा दाखला प्रभूने कोणास लाजविण्यासाठी सांगितला, हे येथे आठवावे.

आणि कोणी चालत गेले नाही म्हणजे काय होते, तेही ह्याच मुलखात दिसले आहे. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने पुष्कळ बालके दगावली, तेव्हा त्या गावांची नावे वर्तमानपत्रांत आली. मुंबई तेथून काही फार दूर नाही. भूक एका रात्रीत येत नाही. ती महिनोन् महिने त्या घरांत बसलेली असते. कोणी शेजारी त्या घरांत जेवावयास बसला असता, तर ताटात काय आहे व काय नाही हे त्यास आधीच दिसले असते.

अलीकडे डोंगर चढण्याची हौस वाढली आहे. पावसाळ्यात शहरांतून तरुणांचे थवे काळदुर्गावर, अशेरीगडावर व जव्हारकडील धबधब्यांवर जातात. देवाची सृष्टी पाहून मन प्रसन्न होते, शरीर कणखर होते. ह्यात वाईट काही नाही. आपल्या मंडळीतील तरुणांनीही अवश्य जावे. मात्र शिखर गाठून, चित्रे काढून, कागद व बाटल्या टाकून परत येणे ह्यात त्या मुलखाची भेट झाली असे समजू नये. ज्या घराच्या अंगणातून वाट गेली त्या घरधन्याचे नाव ज्यास सांगता येत नाही, त्याने डोंगराची पाठ पाहिली, तोंड पाहिले नाही. आळंदीहून पंढरपुरास जाणारे वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट तीन आठवड्यांत सावकाश चालतात, आणि वाटेवरची गावे त्यांस जेवू घालतात. त्यांचा आपला उपासनामार्ग भिन्न आहे. तरी सावकाश चालण्याने गावांशी नाते जडते हे त्यांस ठाऊक आहे, व ते आपण त्यांजपासून शिकण्यास कमीपणा मानू नये.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. प्रत्येक मंडळीने वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, दोघादोघांस चार दिवस पूर्वेकडे पायी पाठवावे. पाळकांनी व वडीलजनांनीही जावे. प्रत्येक जोडीने दरवर्षी त्याच वाटेने जावे, म्हणजे त्या घरी दुसऱ्या वर्षी ओळख निघेल. कोणास विचारल्याशिवाय त्याचे छायाचित्र काढू नये. उपदेशाची घाई करू नये. कोणी विचारले तर आपल्या आशेचे कारण सांगावे, न विचारले तर पाणी मागावे, ऐकावे व आभार मानावे. कोणते घर बंद आहे, कोणते मूल शाळेत जात नाही, कोणत्या विहिरीस पाणी नाही, हे ध्यानात ठेवून यावे व तालुक्यास जाऊन सांगावे. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आता त्या ऋणाविषयी. ती फेडण्याची जागा डोंगरावर नाही. ती आपल्या उंबऱ्यावर आहे. ज्या घरी वाटसरूस भाकर मिळाली त्याच घरची माणसे दिवाळीनंतर खाली येतात. ती वाड्यांत खुरपणी करतात, विटा थापतात, इमारतींवर घमेली वाहतात. उन्हात त्यांपैकी कोणी आपल्या दारी येऊन पाणी मागितले तर आपण काय करतो? बाहेरच्या पायरीवर वेगळ्या पेल्यात पाणी ठेवतो, की ओटीवर बसवून आपल्याच तांब्याने देतो? रविवारी उपासनेच्या वेळी ती बाई मूल कडेवर घेऊन मंदिराच्या दाराशी उभी राहिली तर आपण सरकून तिला बाकावर जागा करतो, की कोणीतरी मागे बसविण्याची खूण करतो? मजुरी ठरविताना जिच्या हातचे आपण जेवलो ती आजी आपल्या डोळ्यांसमोर असते का? डोंगरावर पाहुणा होऊन आलेल्याने आपल्या घरी यजमान व्हावयाचे असते. हे जर आपण करणार नसू, तर पूर्वेकडे चालत जाण्याचे श्रम घेऊ नयेत. कारण मग आपण त्या घरांची भाकर फुकट खाल्ली असे होईल.

शोमरोनी स्त्री आपली घागर तेथेच टाकून गावात गेली, असे वचन सांगते. प्रभूस पाणी मिळाले की नाही हे लिहिलेले नाही. परंतु त्या दिवशी एका गावाने परक्यास आत घेतले आणि परक्याने त्या गावचे अन्न घेतले. त्या दोन दिवसांची हकीगत पवित्र शास्त्रात फारशी नाही. ती त्या गावच्या घरांत घडली, चुलीपाशी घडली, आणि शेवटी त्या लोकांनी जगाचा तारणारा ओळखला.

आपण प्रार्थना करू : हे प्रभू, तू आमच्यासाठी थकलास व परक्याच्या दारी तहानेला बसलास. आमचे पाय आम्हांस माहीत नसलेल्या शेजाऱ्यांकडे वळव. मागण्याची आम्हांस लाज वाटू देऊ नको, आणि आमच्याजवळ मागणाऱ्यास आमच्या दारी लाज वाटू देऊ नको. ज्यांचे पाणी आम्ही नित्य पितो त्या डोंगरातील घरांवर तुझी कृपा असो, त्यांच्या विहिरी भर, त्यांच्या लेकरांस अन्न दे, आणि जे कामासाठी दूर गेले आहेत त्यांस सुखरूप घरी आण. आमेन.